रिकामी खुर्ची : पर्यायी इतिहासातील नेत्यांची निवड

पर्यायी इतिहासाच्या कथेत एखादी घटना बदलणे सोपे असते. त्या बदलानंतर सत्तेवर कोणाला बसवायचे, हे ठरवणे अवघड. कथेच्या संभवनीयतेची कसोटी तेथे लागते. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत या प्रश्नाला दोन भिन्न रीतींनी उत्तर दिलेले आढळते.

पहिली रीत अठराव्या शतकापुरती आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांचा प्राण घेणारी गोळी कथेत त्यांना चाटून जाते. पुढे विश्वासराव आणि माधवराव राज्य सावरतात व दादासाहेब राजकारणातून दूर होतात. इतिहासाला फाटा फुटला त्या क्षणी हयात असलेल्या माणसांतूनच ही निवड झालेली आहे. दादासाहेबांना दूर सारण्यामागेही तर्क आहे. १७७५च्या सुरतेच्या तहाने मुंबईकर इंग्रजांना पुण्याच्या कारभारात शिरकाव मिळाला, तो त्यांच्याच सत्ताकांक्षेमुळे. एक व्यक्ती हलताच कंपनीची एक वाट बंद होते.

दुसरी रीत विसाव्या शतकातील मुंबईत दिसते. आझाद मैदानावरील सभेत अध्यक्षाची खुर्ची रिकामी आहे. गंगाधरपंत तीत जाऊन बसतात आणि श्रोत्यांचा रोष ओढवून घेतात. या काळातील नेत्याला लेखकाने नाव दिलेले नाही, हे उचितच होय. गिरगाव चौपाटीवर ज्यांच्यावर १९२०मध्ये अंत्यसंस्कार झाले ते टिळक आणि परळच्या चाळीत राहिलेले आंबेडकर हे दोघेही फाट्यानंतर जन्मलेले. ज्या वसाहतकालीन शिक्षणाने, न्यायालयांनी व वृत्तपत्रांनी त्यांच्या नेतृत्वाला आकार दिला, ती या जगात त्याच रूपात असण्याचे कारण नाही.

अनेक लेखकांनी मिळून असे जग रचायचे ठरवल्यास हे पथ्य अधिकच आवश्यक ठरते. अन्यथा प्रत्येकजण आपला आवडता पुरुष गादीवर बसवील. जानेवारी १९५६मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली. ती अमलात येऊन टिकली असती तर? स. का. पाटील हे नाव चटकन सुचते. परंतु १९५७च्या लोकसभा निवडणुकीत या शहराने दक्षिणेकडून पाटलांना आणि मध्य भागातून डांग्यांना निवडून दिले. डांग्यांच्या पाठीशी १९२८पासूनची गिरणी कामगार युनियन आणि लालबाग-परळची वस्ती होती. म्हणून नेत्याचे नाव ठरवण्यापूर्वी, त्याला घडवणारी गिरणी, चाळ आणि संघटना त्या जगात आहेत की नाहीत, हे ठरवावे लागते.

या निकषावर नारळीकरांच्या कथेची मर्यादाही स्पष्ट होते. पेशवाई टिकून तिच्यातून लोकशाही उदयाला आली, तर जातिव्यवस्थेचे काय झाले, हे कथा विचारत नाही. खुर्ची रिकामी ठेवण्यात लेखकाचा संयम आहे. त्या खुर्चीपर्यंत पोहोचण्याची वाट कोणाला मोकळी होती, हा प्रश्न मात्र त्या संयमाआड अनुत्तरित राहतो.