शकुंतलेच्या फोटोंत माल कुठंय?

रेल्वेवेड्यांच्या फोटोंचं व्याकरण कडक असतं. ऊन पाठीशी हवं, इंजिन तिरक्या कोनातून, नंबर वाचता यायला हवा, आणि मध्ये कुणी कडमडलेलं अजिबात नको. कडमडलेलं म्हणजे माणूस. हे सगळं मी परळच्या पुलावर उभा राहून शिकलो. तिथे वर तारांचं जाळं आणि खाली लोकल संपतच नाहीत, मनासारखी फ्रेम मिळणं मुश्कीलच. म्हणून आमच्यातल्या बहुतेकांना शकुंतलेची ओढ. मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळ, दुसरीकडे अचलपूर. नॅरोगेज, तारा नाहीत, बाभळी आणि भरपूर आकाश.

तिचे शेकडो फोटो पाहिलेत. बहुतेक सुंदर आहेत, आणि सगळे मिळून एकच फोटो आहेत. कॅप्शन मात्र खच्चून भरलेली: रूळ अडीच फुटी, यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटर, मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १९९४पर्यंत चाललं, मग डिझेल आलं, स्वातंत्र्यानंतरही मालकी किलिक निक्सनच्या कंपनीकडे. गाडी मुळात कशासाठी होती, ते चित्रात नाही. ती कापसासाठी होती. वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरला मोठ्या लाइनीवर चढून मुंबईला यायचा; काही बोटीनं विलायतेला, काही इथल्या गिरण्यांत.

मी लालबागचा. आजोबा गिरणीत ब्लो-रूमला होते, कापसाच्या गाठी फोडायच्या खात्यात. माझा आवडता फोटो त्यांना मोबाइलवर दाखवला तर म्हणाले, "इंजिन झकास आहे रे. पण ह्यात माल कुठंय?"

आता हेही खरं की आमची पिढी कॅमेरा घेऊन पोचली तेव्हा मालगाड्या इतिहासजमा झाल्या होत्या. पण माणसं होती ना! तिकीट विकणं, सिग्नल, इंजिन सोडवणं, सगळं तीच मूठभर माणसं करायची. ती आम्ही क्रॉप केली.

ओ. विन्स्टन लिंकनं १९५५ ते १९६० मध्ये अमेरिकेतल्या नॉरफोक अँड वेस्टर्नवर वाफेच्या इंजिनांचे रात्रीचे फोटो काढले, ढीगभर फ्लॅशबल्ब लावून. ओढ्यात डुंबणारी पोरं, ड्राइव्ह-इन सिनेमाला गाडीत बसलेलं जोडपं, आणि मागून इंजिन. त्यानं माणसं मुद्दाम बसवली होती, म्हणजे फोटो 'खरे' नाहीतच. तरी गाडी कुणाच्या दारावरून जाते ते कळतं. आमच्या प्रामाणिक फोटोंतून ते कळत नाही, आणि मला ह्याची लाज वाटते.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी अचलपूर लाइनीवर गेलो होतो. त्यातला एक फोटो 'रिजेक्ट' फोल्डरमध्ये पडून होता, कारण एका बाईच्या डोक्यावरच्या बोचक्यामागे इंजिनाचा नंबर गेला होता. परवा आजोबांना तो दाखवला. त्यांनी दोन बोटांनी मोठा केला. बोचक्यात काय असेल ह्यावर आमचा चहा निवेपर्यंत वाद चालला.