उत्तर आधी, प्रयोग नंतर?

आपल्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत ‘करून पहा’ आता नेमाने येते. ते चांगलेच. पण पुष्कळदा कृतीच्या खालीच तिचे उत्तरही छापलेले असते. ते वाचल्यावर मुलाने प्रयोग कशासाठी करावा? आणि केलाच, तर पुस्तकाने सांगितले तेवढेच ते पाहते.

मेणबत्तीचा जुना प्रयोग घ्या. ताटलीत पाणी, मधोमध जळती मेणबत्ती, वर पालथा ग्लास. ज्योत विझते, पाणी ग्लासात चढते. ‘ऑक्सिजन संपला, त्याची एक-पंचमांश जागा पाण्याने घेतली’ असे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो. ते बरोबर नाही. सगळा ऑक्सिजन संपण्यापूर्वीच ज्योत विझते. शिवाय जळताना कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पाणी चढते ते मुख्यतः ग्लासातली तापलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते म्हणून. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावून पाहा. पाणी अधिक चढते. ग्लासातला ऑक्सिजन तर तेवढाच होता! उत्तर छापलेले नसते, तर हा प्रश्न एखाद्या मुलानेच विचारला असता.

होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने हे ओळखले होते. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील १६ शाळांत तो सुरू झाला, १९७८ मध्ये जिल्हाभर पसरला. त्याच्या ‘बाल वैज्ञानिक’ पुस्तकांत प्रयोग आणि प्रश्न असत. उत्तरे मुलांनी शोधायची. परीक्षेत पुस्तक उघडून पाहता येई आणि प्रयोगही करावे लागत. शिक्षकांच्या मासिक बैठका होत. २००२ मध्ये शासनाने तो बंद केला. त्याची एक मर्यादा मात्र सांगायला हवी : प्रश्न बहुतांशी पुस्तकानेच ठरवलेले होते.

प्रश्न गावातूनही येऊ शकतो. परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या वालूरला चक्राकार पायऱ्यांची जुनी बारव आहे. पायऱ्या म्हणजे आयती मोजपट्टीच. दर सोमवारी पाण्यावरच्या कोरड्या पायऱ्या मोजायच्या, शेजारी पावसाची नोंद ठेवायची. मुलांनी काठावर, शिक्षकांसोबतच राहायचे. पाऊस पडल्यावर पाणी किती दिवसांनी चढते? जवळच्या विहिरीतही तसेच होते का? काळ्या खडकाच्या भेगांतून पाणी कसे वाहते, हा धडा मग आपोआप निघतो.

याचे उत्तर कोणत्याही मार्गदर्शिकेत नाही. वर्गात ‘मलाही ठाऊक नाही, पाहू या’ असे म्हणण्याची मोकळीक शिक्षकाला हवी. तपासणीला येणाऱ्यांनी ती दिली नाही, तर ‘करून पहा’ हे ‘वाचून पहा’च राहील.