‘वाटा’ या शब्दाची मर्यादा : भूतान व मालदीव यांच्या तुलनेच्या निमित्ताने

हवामानबदलाविषयीच्या मराठी लेखनात ‘जागतिक उत्सर्जनातील वाटा’ ही शब्दसंहती आता रूढ झाली आहे. अमुक देशाचा वाटा वाढला, तमुकाचा घटला, अशी विधाने आपण निःशंकपणे करतो. भूतान व मालदीव या दोन लहान देशांना ती लावून पाहिली असता शब्द व अर्थ यांचा मेळ कोठे सुटतो, हे ध्यानात येते.

‘वाटा’ हा मूळचा वाटणीच्या व्यवहारातला शब्द. वडिलार्जित शेताचे चार वाटे झाले तरी शेत तेवढेच राहते. एकाचा वाटा घटला म्हणजे त्याने काही सोडले, असाच बोध होतो. उत्सर्जनाची गोष्ट निराळी, कारण येथे मूळ राशीच वाढत जाते. हरितगृह वायूंचे जागतिक उत्सर्जन १९९० नंतरच्या तीन दशकांत सुमारे दीडपट झाले. या अवधीत ज्याचा वाटा स्थिर राहिला त्याचे उत्सर्जनही दीडपट झाले. आणि ज्याचा घटला त्याने धूर कमी केलाच असेल, असे नाही. सायंकाळी क्रांती चौकात उभे राहणाऱ्यास हे गणित वेगळे शिकवावयास नको : रिक्षा तेवढ्याच राहून इतर वाहने दुप्पट झाली, तर रिक्षांचा वाटा उतरतो, त्यांचा धूर उतरत नाही.

पॅरिस करार (२०१५) अमलात येण्यासाठी किमान ५५ देशांच्या व जागतिक उत्सर्जनाच्या किमान ५५ टक्क्यांच्या संमतीची अट होती. त्यासाठी सिद्ध केलेल्या तक्त्यात वाटे दोन दशांश स्थळांपर्यंत दिले होते, आणि ज्या त्या देशाने कळविलेले आकडे घेतल्यामुळे वर्षेही एक नव्हती. चीनपुढे २०.०९, भारतापुढे ४.१०, भूतान व मालदीव यांच्यापुढे निव्वळ शून्ये. अटीची पूर्तता मोजण्यास हा तक्ता पुरेसा होता. दोन लहान देशांची कालक्रमाने तुलना करण्यास तो निरुपयोगी आहे.

मालदीवने आपला वाटा ०.००३ टक्के असल्याचे म्हटले आहे. तो ०.००४ झाला असे क्षणभर धरू. वाढ ०.००१ टक्क्याची म्हणावी की ३३ टक्क्यांची? ‘टक्क्यांनी वाढला’ हा तृतीयान्त प्रयोग दोन्ही अर्थ सारख्याच निमूटपणे वाहतो, व लेखकास सोयीचा तो अर्थ निवडू देतो.

भूतानबाबत अडचण अधिक खोल आहे. त्या देशाच्या २०१५ च्या निवेदनानुसार २०१३ मधील उत्सर्जन २२ लाख टन, तर वनांनी शोषिलेला कर्बवायू ६३ लाख टन. ६० टक्के भूमी सदैव वनाच्छादित राखण्याचे बंधन २००८ च्या राज्यघटनेनेच घातले आहे. निव्वळ राशी ऋण निघते; परंतु ऋण वाटा ही कल्पनाच मराठीत बसत नाही. वाटा लहान असेल, नसेलही. उणा कसा असेल? भूतानची वीज पाण्यावर, मालदीवची मुख्यतः आयात डिझेलवर. तक्त्यातील एका शून्यामागे अरण्य आहे, दुसऱ्यामागे तेलाची पिंपे.

अशा ठिकाणी कोणी ‘खारीचा वाटा’ लिहितो, तेव्हा औचित्यभंग पुरा होतो. खारीने सेतूला हातभार लावला होता! ‘प्रमाण’ हा पर्याय सुचतो, पण त्याला पुराव्याचा अर्थ चिकटलेला आहे. वर्षासह टनांचा आकडा, शोषण वेगळे दाखवून, आणि त्यानंतर जागतिक राशीशी ‘गुणोत्तर’, असा क्रम प्रस्तुत लेखकास इष्ट वाटतो. ‘गुणोत्तर’ शब्द रुक्ष आहे खरा. परंतु त्यात छेद कोणता, हा प्रश्न वाचकास विचारावाच लागतो.