‘उस्फ्रेट’: अल्बम नक्की कोणाचा?

‘फ्यूजन’ लिहिलं की विश्लेषण झालं असं आपल्याला वाटतं. खरं तर ते तिथे सुरूही झालेलं नसतं. त्रिलोक गुर्टू यांचा १९८८ चा ‘उस्फ्रेट’ ऐकला की हे कळतं.

आधी वादक बघा. ट्रंपेटवर डॉन चेरी, गिटारवर राल्फ टाउनर, व्हायोलिनवर एल. शंकर, बासवर योनास हेलबोर्ग. आणि गायला शोभा गुर्टू: बेळगावच्या, ठुमरी-दादऱ्यासाठी नावाजलेल्या, त्रिलोकच्या आई.

आता ‘शोभारॉक’ ऐका. एरवी अशा जॅझमध्ये आलापाचा तुकडा वरून शोभेला लावतात. इथे शोभाताईंचा आवाज काढून घेतला तर रचनाच उभी राहत नाही. ड्रम आणि बास त्या आवाजाभोवती जागा शोधतात. अल्बमचं धाडस हेच. आई गात नाही तिथे मात्र तो बराचसा ओळखीच्या वाटेनं जातो, असं माझं मत.

नगर जिल्ह्यात लोककलेवर काम करणाऱ्यांना हा प्रश्न नवा नाही. संगमनेरचा ‘रघुवीर खेडकरसह कांताबाई सातारकर’ हा तमाशा फड आठवा. तिथे मुलगा आणि आई, दोघांचीही नावं फडाच्या नावात आहेत. ‘उस्फ्रेट’ निघाला तो मुलाच्या नावानं.

म्हणजे प्रमुख कलाकाराचं नाव ही फक्त नोंद असते, निष्कर्ष नव्हे. श्रेयनामावली वाचा, कोण कोणाला वळवतंय ते कानांनी तपासा, मग लिहा. लेबल सगळ्यात शेवटी.