राजा गेला, राज्ययंत्र राहिले

राज्यक्रांती का होते, ह्या प्रश्नास बहुधा एकच उत्तर मिळते: जुलूम असह्य झाला, प्रजा उठली आणि राजा गेला. हे उत्तर पाठ करावयास सोपे आहे. परंतु ते पुरेसे असते, तर जगात एकही जुलमी सिंहासन फार दिवस टिकते ना. ह्या उत्तरापलीकडे ज्यांस जावयाचे असेल, त्यांनी अलेक्सिस द तोकव्हिल ह्या फ्रेंच ग्रंथकाराचा ‘जुनी राजवट आणि क्रांती’ हा १८५६ सालचा ग्रंथ अवश्य वाचावा, असे आम्ही सुचवितो. ग्रंथ जुना आहे. शिळा मात्र नाही.

फ्रेंच राज्यक्रांतीवरील इंग्रजी ग्रंथकारांत बर्क व कार्लाइल हे विशेष प्रसिद्ध. बर्कने १७९० सालीच, पिढ्यान्‌पिढ्यांच्या संस्था एका झटक्यात मोडू पाहणारा अविचार म्हणून क्रांतीचा धिक्कार केला. कार्लाइलचा १८३७ सालचा ग्रंथ वाचताना वाचक त्या वणव्यात होरपळून निघतो. पण वणवा कशाने लागला, हे त्यास नीटसे उमगत नाही. तोकव्हिलची प्रकृती निराळी. त्याचा पणजा मालझेर्ब ह्याने सोळाव्या लुईचे वकीलपत्र घेतले होते व १७९४ साली तो स्वतःही गिलोटिनखाली गेला. अशा घराण्यातील पुरुषाने क्रांतीला शिव्याशाप दिले असते, तरी त्यास कोणी दोष दिला नसता. तो मात्र तूर येथील दप्तरखान्यात बसून जुन्या प्रांताधिकाऱ्यांचे कागद वाचीत राहिला.

त्या कागदांतून त्याने काढलेले दोन सिद्धांत आम्हांस मोलाचे वाटतात. पहिला असा की, वाईट राजवटीस खरा धोका ती सुधारू लागते तेव्हा उत्पन्न होतो. सोळावा लुई हा आपल्या पूर्वजांहून क्रूर नव्हता. त्याचा मंत्री तुर्गो ह्याने १७७६ साली रस्त्यांची वेठ बंद केली. त्याच वर्षी तुर्गोस काढून टाकून ती पुन्हा चालू करण्यात आली. जी वेठ दैवगती म्हणून सोसली जात होती, ती हटू शकते हे एकदा कळल्यावर तिचा भार दुणावला. दुसरा सिद्धांत असा की, स्थानिक कारभार राजांनीच सरदारांच्या हातून काढून पॅरिसकडे ओढला होता. सरदारांचे कर्तव्य गेले, पण हक्क व करमाफी राहिली; म्हणून ते शेतकऱ्याच्या डोळ्यांत सलू लागले. क्रांतीने राजास दूर केले. परंतु त्याने उभारलेले केंद्रीय राज्ययंत्र अधिक बळकट होऊन नव्या सत्ताधीशांच्या हाती आले.

येथवर आम्ही ग्रंथकाराशी सहमत आहो. परंतु खजिना, भाकरी व राजाचे वर्तन ह्या तीन गोष्टींस त्याने पुरेसे वजन दिले नाही, असे आम्हांस वाटते. १७८८ साली सरकारी खर्चाचा सुमारे निम्मा भाग कर्ज फेडण्यातच जात होता. आणि त्या कर्जाचा मोठा अंश इंग्लंडच्या राजाविरुद्ध अमेरिकेस साहाय्य करण्यात झालेला! त्याच वर्षी गारपिटीने पिके बुडाली व भाकरी महागली. १६१४ नंतर प्रथमच, मे १७८९ मध्ये, तिन्ही वर्गांची सभा भरली. तिच्यापुढे आलेल्या गाऱ्हाण्यांत कर, वेठ, शिकारीचे हक्क ह्यांविषयी तक्रारी होत्या. राजपद नको, अशी मागणी नव्हती. मग सप्टेंबर १७९२ मध्ये तेच राजपद रद्द का झाले? जून १७९१ मध्ये राजा वेषांतर करून पळाला व व्हारेन येथे सापडला, ही गोष्ट वगळून ह्याचे उत्तर देता येणार नाही. व्यवस्थेने क्रांती शक्य केली. राजपदावरील उरलासुरला विश्वास राजानेच घालविला. अर्थात प्रसिद्ध झालेला भाग १७८९ च्या उंबरठ्यावर थांबतो व १८५९ साली ग्रंथकार निवर्तला. तेव्हा ह्या उणिवेचा काही दोष मृत्यूच्या माथी जातो.

परिणामांचा हिशेब मांडतानाही दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. जुलै १७९३ मध्ये सरंजामी देणी भरपाईवाचून रद्द झाली. १८१४ साली परतलेल्या राजघराण्यासही ती पुन्हा लादता आली नाहीत. ज्याच्या पाठीवरून तो भार उतरला, त्यास क्रांती व्यर्थ गेली असे कोणी सांगू नये. पण १८०४ साली त्याच देशाने सम्राट पाहिला. आणि ऑक्टोबर १७८९ मध्ये ज्या स्त्रियांनी व्हर्सायवर चालून जाऊन राजास पॅरिसला आणले, त्यांच्या लेकीसुनांस मताधिकार मिळावयास १९४४ साल उजाडले.

डिसेंबर १८५१ मध्ये लुई नेपोलियनने प्रजासत्ताकावर घाला घातला, तेव्हा विरोध करणाऱ्या प्रतिनिधींबरोबर तोकव्हिलही काही काळ अटकेत पडला. स्वातंत्र्यासाठी एवढे रक्त सांडलेले राष्ट्र पुन्हा एका पुरुषाच्या हाती सर्व सत्ता कशी देते, ही वेदना त्याच्या ग्रंथाच्या मुळाशी आहे. म्हणूनच तो वाचून झाल्यावर, राजा गेला की नाही एवढे विचारून आमचे समाधान होत नाही. आपल्या गावचा कर व आपला रस्ता ह्यांविषयी गावकऱ्यास आता कोणी विचारतो काय, हे प्रत्येक क्रांतीस विचारावयास हा ग्रंथ शिकवितो.