येशू, भोज आणि विक्रमादित्य : ‘ख्रिस्तपरिचया’च्या निमित्ताने

गणेश दामोदर उपाख्य बाबाराव सावरकर यांचे ‘ख्रिस्तपरिचय’ हे पुस्तक १९४६ साली, त्यांच्या निधनानंतर वर्षभराने, प्रसिद्ध झाले. पुढे सत्तर वर्षांनी, २०१६ च्या फेब्रुवारीत, मुंबईच्या स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकाने ते पुन्हा प्रकाशात आणले. येशू हा जन्माने विश्वकर्मा ज्ञातीचा तमिळ हिंदू. त्याचे खरे नाव केशव कृष्ण. क्रुसावरून तो जिवंत उतरविला गेला. एसीन पंथीयांनी हिमालयातील वनौषधींनी त्यास वाचविले आणि काश्मिरात वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी त्याने देह ठेवला, असे त्यातील प्रतिपादन आहे. ज्या पुरुषाने उमेदीची वर्षे अंदमानात घातली, त्याच्याविषयीचा आदर क्षणभर बाजूस ठेवून हे पुस्तक वाचणे आपल्या घरांना जड जाते, हे आम्ही जाणतो. तथापि ग्रंथाची परीक्षा ग्रंथकाराच्या त्यागावरून करावयाची नसते.

या पुस्तकाशेजारी दुसरे नाव ठेवले की प्रश्न अधिक स्पष्ट होतो. पुरुषोत्तम नागेश ओक हे तर आपल्या माळव्याचेच. १९१७ साली इंदुरात जन्मलेले. त्यांच्या मते ‘ख्रिश्चॅनिटी’ म्हणजे ‘कृष्णनीती’, आणि येशू नावाचा कोणी मनुष्य झालाच नाही. म्हणजे बाबारावांचा येशू होता आणि तो आपला होता. ओकांचा येशू नव्हताच, जे होते ते सारे कृष्णाचे. दोघांचे मुख्य साधन मात्र एकच : कानाला जाणवणारे नामसादृश्य. एकाच वजनकाट्याने एकदा शेर भरावा आणि एकदा शून्य, तर दोष मालात नव्हे, काट्यात आहे असेच म्हणावे लागेल.

आणि हे नामसादृश्यही टिकत नाही. ‘ख्रिस्त’ हे नाव नव्हे, पदवी आहे. ‘मशीहा’ या हिब्रू शब्दाचा तो ग्रीक अनुवाद. अर्थ एवढाच, की ज्यास तैलाभिषेक झाला आहे तो. ‘येशू’ हे नाव त्या काळच्या यहुदी समाजात आपल्याकडील रामा-गोविंदासारखे सर्रास होते. योसेफस या यहुदी इतिहासकाराच्या ग्रंथांत डझनाहून अधिक येशू भेटतात. पदवीचे ग्रीक भाषांतर आणि देवकीनंदनाचे संस्कृत नाव यांचा सांधा जुळविणे म्हणजे ‘पेशवा’ या शब्दावरून बाजीरावांची जात ठरविण्यासारखे आहे.

आम्हाला अधिक विस्मय वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. हा स्वदेशी म्हणून सांगितला गेलेला ख्रिस्त बव्हंशी परदेशी मालाचा बनलेला आहे. एसीनांच्या गुप्त मंडळाने येशूला क्रुसावरून वाचविल्याची कल्पना अठराव्या शतकाच्या अखेरीपासून बार्ट, व्हेंतुरिनी आदी जर्मन लेखक रंगवीत होते. येशू-कृष्ण ही जोडी चंद्रनगरचा फ्रेंच न्यायाधीश लुई जाकोल्यो याने १८६९ च्या आपल्या पुस्तकात गाजविली. येशू हिंदुस्थानात शिकला ही कथा निकोलाय नोटोविच या रशियनाने १८९४ मध्ये पॅरिसहून जगभर नेली. लडाखच्या हेमिस मठात जुनी पोथी पाहिल्याचा त्याचा दावा होता. मॅक्सम्युलरने त्याच वर्षी तिच्यावर टीका केली, आणि आग्र्याच्या सरकारी कॉलेजातले प्राध्यापक डग्लस १८९५ मध्ये स्वतः हेमिसला गेले, तेव्हा मठाच्या मुख्य लामाने अशी पोथी असल्याचे साफ नाकारले. काश्मिरातील समाधीचा पक्ष कादियानच्या मिर्झा गुलाम अहमद यांनी १८९९ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात मांडला. मात्र त्यांच्या येशूचे आयुष्य एकशे वीस वर्षांचे. एकाच काश्मिरात एक येशू एकोणपन्नासाव्या वर्षी जातो आणि दुसरा एकशेविसाव्या वर्षी! बाबारावांनी यांपैकी कोणाचे काय वाचले होते याची चर्चा येथे नको. कल्पना त्यांच्या आधीच बाजारात होत्या, एवढे पुरे.

मग येशू झाला की नाही? या प्रश्नाची कसोटी शिकण्यास आपल्याला दूर जावयास नको. आपली कुक्षी ज्या धार संस्थानात होती, त्या धारेचा भोजराजा घ्यावा. बल्लाळाच्या ‘भोजप्रबंधा’त कालिदास आणि भवभूती भोजाच्याच सभेत बसतात. हा ग्रंथ भोजानंतर सुमारे पाचशे वर्षांचा. त्यावर विसंबले तर इतिहासाचा खेळखंडोबा होईल. पण म्हणून भोज काल्पनिक ठरत नाही, कारण इंदूर-धार रस्त्यावरील बेटम्याला सापडलेला त्याचा १०२० सालचा ताम्रपट हाती आहे, आणि अल्बेरुणीसारखा परका ग्रंथकार, त्याच पिढीतला, धारेस भोज राज्य करीत असल्याचे नोंदवितो. (बेटम्याचे हे दान कोकणविजयाच्या निमित्ताने दिलेले आहे, हे आपल्यातील मूळच्या कोकणी घराण्यांनी जाता जाता ध्यानी घ्यावे.) याउलट उज्जयिनीचा विक्रमादित्य. इ. स. पूर्व ५७ पासून चालणाऱ्या शकाला जुन्या लेखांत ‘कृत’ किंवा मालवगणाचे नाव आहे. विक्रमाचे नाव त्यास नवव्या शतकाच्या सुमारास जोडलेले दिसते. समकालीन लेख नाही, परक्याची साक्ष नाही. म्हणून त्याच्या अस्तित्वाविषयी अभ्यासक आजही भांडतात. आख्यायिका दोघांच्याही भोवती दाट. निवाडा मात्र निरनिराळा.

येशू या दोहोंत कोणाच्या पंक्तीस बसतो? ताम्रपट नाही, हे उघड आहे. गालीलातल्या सुतारापाशी ताम्रपट कोठून येणार! पण पौलाची पत्रे येशूच्या मृत्यूनंतर वीस-पंचवीस वर्षांतली आहेत. त्यांपैकी गलतीकरांस पाठविलेल्या पत्रात तो सहज सांगून जातो, की आपण यरुशलेमेत केफाजवळ, म्हणजे पेत्राजवळ, पंधरा दिवस राहिलो आणि ‘प्रभूचा भाऊ’ याकोब यासही भेटलो. कल्पित दैवताला भेटीस येणारा सख्खा भाऊ नसतो. याच याकोबाचा इ. स. ६२ मध्ये झालेला वध योसेफस नोंदवितो, आणि ओळख देतो ती ‘ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ’ अशी. योसेफसच्या ग्रंथातील येशूवरचा दुसरा, प्रसिद्ध परिच्छेद ख्रिस्ती नकलाकारांनी सजविलेला आहे. तो आम्ही पुराव्यास धरीत नाही. रोमन इतिहासकार टॅसिटसला ख्रिस्ती लोकांचा तिटकारा. तोही इ. स. ११६ च्या सुमारास लिहितो, की तिबेरियसच्या कारकिर्दीत पिलाताने ख्रिस्तास देहान्त शिक्षा दिली. या पिलाताच्या नावाचा शिलालेख १९६१ मध्ये कैसरिया येथे मिळाला. जर्मनीत आर्थर ड्रूज यांनी १९०९ मध्ये येशू ही निव्वळ पुराणकथा असल्याचा पक्ष हिरिरीने मांडला होता. आज विद्यापीठीय अभ्यासकांत तो जवळजवळ कोणी मानीत नाही, आणि त्याचे सविस्तर खंडन २०१२ मध्ये करणारे बार्ट अर्मन हे श्रद्धावंत ख्रिस्ती नव्हेत.

हाच काटा दुसऱ्या पारड्यालाही लावला पाहिजे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू हेरोदाच्या हयातीत जन्मतो, आणि हेरोद इ. स. पूर्व ४ मध्ये वारला. लूकने त्याच जन्मास क्विरिनियसच्या खानेसुमारीची जोड दिली, आणि ती इ. स. ६ मधली. दोन्ही एकदम खरे असणे शक्य नाही. बेथलेहेमचा जन्म, ज्योतिषी, तारा हा सारा भाग आमच्या मते येशूचा ‘भोजप्रबंध’ होय.

हे इतके सविस्तर लिहिण्याचे कारण आहे. येथून पश्चिमेस आलिराजपुराकडे आमखूटसारख्या गावी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने भिल्लांत काम आरंभले. तेव्हापासून आपल्या बैठकींत येशूचा विषय निघतो तो बहुधा धर्मांतराच्या वादातून, आणि वाद तापला की कोणीतरी ‘मुळात येशू झालाच नाही’ हा बाण काढतो. धर्मांतरावर आक्षेप घ्यावयाचे तर त्यांची कारणे निराळी आहेत आणि ती निराळीच मांडावीत. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांनी पाद्र्यांशी जो वाद घातला तो सिद्धान्तांवर. आणि त्याच कसोटीवर उद्या कोणी आपल्या संतांचे अस्तित्व पुसले, तर उत्तर देण्यास आपणापाशी तोंड राहणार नाही.

ख्रिस्ती धर्माचा उगम शोधावयाचा तर तो काश्मिरात वा द्रविड देशात न शोधता अंत्युखियातल्या एका जेवणात शोधावा, असे आम्हास वाटते. पौलाने तो प्रसंग त्याच पत्रात लिहून ठेवला आहे. पेत्र तेथे परजातीयांबरोबर एका पंक्तीस जेवीत असे. याकोबाकडची माणसे यरुशलेमेहून आली आणि पेत्र भयाने पंक्तीतून उठून वेगळा बसू लागला. इतर यहुद्यांनीही तेच केले, आणि पौलाने त्यास सर्वांदेखत खडसावले. येशूचे प्रत्यक्ष शिष्य अजून यहुदी धर्माचे सोवळे पाळीत होते, आणि येशूला हयातीत न पाहिलेला पौल ते मोडावयास निघाला होता. पंक्तिभेदावरून समाज कसे दुभंगतात हे मराठी वाचकास सांगावयास नको. या भांडणात पौलाचा पक्ष पुढे वरचढ ठरला, म्हणून यहुद्यांतील एका पंथाचा निराळा धर्म झाला. भाविकाने रचलेल्या कथेत दोन थोर प्रेषित जेवणाच्या पंक्तीवरून असे उघडपणे भांडताना सहसा आढळत नाहीत.