लायब्ररी, पण वर्गणी नाही

लायब्ररी म्हटली की आपल्याला काय आठवतं? फाटक्या पुठ्ठ्याची पुस्तकं, हवं ते पुस्तक नेमकं 'बाहेर गेलेलं' आणि उशीर झाला म्हणून दंड! कॉम्प्युटरवाल्यांची लायब्ररी वेगळी. तिथे तयार प्रोग्रॅम ठेवलेले असतात. लागेल तो उचलावा, आपल्या प्रोग्रॅमला जोडावा. परत करायची भानगड नाही. अशीच एक लायब्ररी झुरिकच्या आमच्या भाच्यानं दाखवली. तिचं काम एकच : स्विस क्यूआर चलनं तयार करणं.

"मामा, तुम्ही पुस्तकांची परीक्षणं लिहिता, आता हिचं लिहा!"

लिहितो बापडा.

स्वित्झर्लंडात बिलाच्या खालीच पैसे भरायचं चलन असतं. क्यूआरवालं चलन ३० जून २०२० ला आलं आणि जुनी तांबडी-नारिंगी चलनं ३० सप्टेंबर २०२२ ला निवृत्त झाली. नव्याचा थाट काय विचारता! कोड बरोबर ४६ मिलिमीटरचा चौकोन, त्याच्या मधोमध ७ मिलिमीटरचा स्विस क्रूस, अक्षरांची चारच वळणं मान्य आणि कापायच्या रेघेवर कात्रीचं चित्र. आमच्याकडे मुंजीलासुद्धा इतकं सोवळं नसतं!

लायब्ररी हे सोवळं निष्ठेनं पाळते. २७ आकडी संदर्भ क्रमांकातला एक आकडा चुकू द्या, बाई चलन करायला साफ नकार देतात. रक्कम मात्र ९९ कोटी ९९ लाख ९९ हजार ९९९ फ्रँकपर्यंत कितीही घाला, हूं नाही की चूं नाही. आकडा नियमात बसतो एवढंच तिला कळतं. देणं खरं आहे का, हे तिच्या गावीही नसतं.

तरीही आमचं मत तिच्या बाजूनं. कोणाला, किती, कशाबद्दल, हे कोडाच्या पोटात असतं, तेच शेजारी साध्या अक्षरांतही छापलेलं असतं. दोन्ही एकाच माहितीतून निघतात, म्हणून पोटात एक आणि ओठात एक असं होत नाही. पोस्टाच्या खिडकीवर रोख भरणाऱ्या आजीबाईंसाठी डावीकडे वेगळी पावती असते. तिच्यावर तर कोडच नाही, नुसती अक्षरं.

देणं खरं की खोटं, हे पाहायला शेवटी चष्मा लावलेला माणूसच लागतो आणि त्याला कोड वाचता येत नाही. उद्या एखादा शहाणा "कोड आहे ना, मग अक्षरं कशाला?" म्हणत निघाला, तर आधी त्याच्या हातातली कात्री काढून घ्यावी!